आधी आकडा कोण सांगणार

ग्राफिक्स चिप बनवणाऱ्यांच्या धंद्यात एक अलिखित नियम आहे: जो आधी बोलला, तो फसला. चिप तयार असते, पंखे बसवून कार्ड तयार असतं, खोकीसुद्धा छापून आलेली असतात. पण ती चिप नेमकी किती वेगाने पळणार, हा आकडा कोणी तोंडातून काढत नाही. कारण तो चिपमध्ये कोरलेला नसतो. कार्डातल्या एका छोट्याशा सॉफ्टवेअरमध्ये तो लिहिलेला असतो आणि अगदी शेवटपर्यंत बदलता येतो. समोरच्याने आधी सांगितला, की आपला त्याच्याहून बोटभर वर ठेवायचा आणि छाती काढून चालायचं. त्यामुळे दोन बड्या कंपन्या महिनोन्महिने एकमेकींच्या तोंडाकडे बघत थांबतात. दारात ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करणाऱ्या पाहुण्यांसारखं हे सगळं चालतं, फक्त इथे कोणाच्या मनात आदर नसतो.

ताई आपल्या कंपनीत हा आकडा ठरवणाऱ्या गटाची प्रमुख होती. तिच्या सहीशिवाय आकडा बाहेर पडत नसे. तिला सगळं ऑफिस ताईच म्हणायचं, वयाने मोठे असलेलेसुद्धा, कारण ती रागावली की आवाज न चढवता रागवायची आणि ते जास्त लागायचं. आणि ती खरोखरच कोणाची तरी ताई होती, तीच तर सगळी गोम होती. तिचा धाकटा भाऊ समोरच्या कंपनीत जवळजवळ तिच्याच खुर्चीवर बसत होता.

चिपचा वेग वाढवणं अवघड नसतं. जास्त वीज पाजा, ती जास्त पळते. पण एका हद्दीनंतर चमचाभर वेगासाठी घागरभर वीज लागते, आणि त्या विजेची शेवटी होते उष्णता. ही हद्द कुठे आहे ते बाकीचे लोक थंड खोलीत, मोकळ्या टेबलावर तपासतात. ताईची रीत वेगळी होती. तिने प्रयोगशाळेत एक लाकडी कपाट आणून ठेवलं होतं. कॉम्प्युटर त्या कपाटात सरकवायचा, दार लावायचं आणि आत सगळ्यात जड गेम चालू ठेवायचा. जो आकडा कपाटात टिकेल तो खरा. पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवताना संचालक त्या कपाटापाशी जरा भराभर चालायचे, तरी त्याची गोष्ट धंद्यात सगळीकडे पसरली होती. "लोक कॉम्प्युटर भिंतीला टेकवतात, वर धुतलेले कपडे टाकतात," ताई म्हणायची. "आपल्या थंड खोलीत गेम खेळायला कोणी येत नाही."

कपाट तिच्या डोक्यात आलं होतं ते आईच्या घरातून. लहानपणी दोघा भावंडांत एकच कॉम्प्युटर होता आणि तो कपाटात असायचा, कारण आईला वस्तू बाहेर दिसलेली खपत नसे. खेळ ऐन रंगात आला की तो तापून बंद पडायचा. मग ताई खेळायची आणि धाकटा गुडघ्यावर बसून वहीने कपाटात वारा घालायचा. वारा घालायची पाळी आपली आली की ताईला मात्र हात दुखतात असं आठवायचं. दोघं पुढे याच धंद्यात शिरली ती कदाचित त्या कपाटामुळेच, पण हे ती एकमेकांशी कधी बोलली नव्हती.

या वेळची चिप ताईची आवडती होती. कपाटातून ती छान पार पडली होती. आकडा डोळे दिपवणारा नव्हता, पण नेकीचा होता, आणि ताई त्यावर सही करायला तयार होती. अडसर होता तो फटाक्याचा. फटाका म्हणजे विक्रीचा प्रमुख. वात पेटायच्या आधीच वाजायचा म्हणून ते नाव पडलं होतं, आणि त्याला ते ठाऊक होतं, आवडतही होतं.

"ताई, आकडा बरा आहे," फटाका म्हणाला. "पण बरा आकडा कोणाच्या लक्षात राहत नाही."

"बंद पडलेलं कार्ड राहतं."

"आणि ते समोरचे आपल्या वर गेले तर?"

"जाऊ देत. कपाटात गेले की खाली येतील."

"लोक कपाट बघत नाहीत हो. वेगाचा तक्ता बघतात, आणि तक्त्यात वरची ओळ बघतात. दुसऱ्या ओळीला कोणी विचारत नाही. तुम्हाला काही कळलंय का, त्यांचं काय चाललंय ते?"

शेवटचा प्रश्न त्याने खिडकीबाहेर बघत विचारला. ताईला त्याचा अर्थ कळला. भावाकडून काही काढून घ्यावं असं कोणी तिला उघड सांगितलं नव्हतं. सगळे फक्त तिच्यासमोर खिडकीबाहेर बघायचे.

पण सुई टोचायची ती टोचलीच. समोरची चिप भलीमोठी आहे अशी बाजारात कुजबुज होती. कोणी म्हणे, त्यांनी दुप्पट जाडीचे पंखे मागवलेत. ताई दिवसभरात कितीदा तरी पाणी प्यायला उठायची आणि पेला तसाच ठेवून परत यायची. बैठकीत तिचा पाय टेबलाखाली हलत राहायचा, इतका की एकदा शेजारच्याने आपली कॉफी उचलून हातात धरली. आपला आकडा बरोबर आहे हे तिला माहीत होतं. तो पुरेसा आहे का, हे माहीत नव्हतं, आणि ते जगात एकाच माणसाकडून कळण्यासारखं होतं. तो माणूस रविवारी आईकडे जेवायला येणार होता.

आई आयुष्यभर शाळेत खेळ शिकवत होती. निवृत्त झाली तरी शिट्टी अजून दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली होती. रविवारचं जेवण दोघांनी तिच्याकडेच करायचं, फोन पावाच्या टोपलीत टाकायचे आणि टेबलावर ऑफिस काढायचं नाही, हा तिचा नियम होता. "मैदानावर काय ते भांडा," ती म्हणायची. "इथे जेवा." नियम दोघांच्या सोयीचाच होता. गुप्ततेच्या कागदांवर दोघांच्याही सह्या होत्या.

बोलायचं नाही म्हटल्यावर बघायचं तेवढं उरतं. मागच्या वेळी नव्या कार्डाच्या तोंडावर धाकटा नखं कुरतडत आला होता आणि अर्ध्या जेवणावरून उठून गेला होता. ताईने तेव्हाच ओळखलं होतं की त्यांचं काहीतरी अडलंय, आणि तसंच निघालं होतं. या खेपेला तो आला तो आईसाठी उंच पाठीची खुर्ची घेऊन. गळका नळ त्याने दुरुस्त केला. आईच्या जुन्याच गोष्टीला नव्याने हसला. भात दुसऱ्यांदा घेतला. टोपलीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. टोपलीतला ताईचा फोन दर थोड्या वेळाने पावाच्या तुकड्यांत गुरगुरत होता. त्याचा एकदाही वाजला नाही.

ताईने ते सगळं टिपलं. पत्ते खेळताना हातात हुकमाचं पान असलं की हा असाच व्हायचा. लहानपणापासून. एकदम शहाणा, एकदम प्रेमळ, स्वतःच्या ताटातला बटाटा उचलून तिला द्यायचा. आणि आताही त्याने दिला.

जेवण झाल्यावर तो भांडी घासायला उभा राहिला. ताई कापड घेऊन पुसायला गेली.

"झोप लागते का रे?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"लागते की. तुला?"

"मलाही."

धाकटा भाताचं पातेलं घासत होता. ते कधीच लख्ख निघालं होतं, पण तो घासतच होता. "आई ते कपाट काढून टाकायचं म्हणतेय," तो म्हणाला. "आपलं."

"काढू दे की. जागा अडते."

तो थांबला. पाण्याची धार तशीच वाहत होती. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि ताईचं कापड पेल्यावर थांबलं. आता याच्या तोंडून निसटणार. "काही नाही," तो म्हणाला आणि पुन्हा पातेल्याला लागला. ताकास तूर लागू देत नाही, पक्का झालाय, असं मनाशी म्हणत ताईने शेवटचा पेला पुसला.

घरी जाताना तिचं ठरलं होतं. त्यांची चिप तयार आहे, ती भन्नाट आहे, आणि याला इतकी खात्री आहे की नखंसुद्धा शाबूत आहेत. सुतावरून स्वर्ग गाठतात तो असा. एक खुर्ची, एक नळ आणि दुसऱ्यांदा घेतलेला भात, एवढ्यावर तिने समोरच्या कंपनीचा अख्खा डाव वाचून काढला होता, आणि तिला ती आपली हुशारी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच आकडा वर नेला. बोटभर नाही, चांगला हातभर. तिच्या हाताखाली तापमान मोजणारी एक इंजिनीअर होती, तिला सगळे थर्मामीटर म्हणायचे. तिने नवा आकडा पाहिला आणि ताईकडे पाहिलं.

"मोकळ्या टेबलावर चालतंय," ती म्हणाली. "कपाटात लावू?"

"आता वेळ नाही."

"कपाटाला फार वेळ लागत नाही, ताई."

"मी म्हणाले ना, वेळ नाही."

थर्मामीटर आपल्या जागेवर परत गेली. वेळ होता. ताईला कपाटाचं उत्तर नको होतं, एवढंच. तिने सही केली. फटाका स्वतः दोन कॉफ्या घेऊन आला आणि पहिल्यांदाच खिडकीबाहेर न बघता तिच्याकडे बघून हसला. ताईला त्या हसण्याची शिसारी आली आणि बरंही वाटलं.

इतका वरचा आकडा असल्यावर थांबायचं कशाला, म्हणत फटाक्याने तो लगेच जाहीर करून टाकला. समोरच्यांचा कार्यक्रम सगळ्या ऑफिसने मोठ्या पडद्यावर पाहिला. त्यांचे मुख्य साहेब व्यासपीठावर आले, खिशात हात घातला आणि बोटाच्या पेरावर मावेल अशी एक चिप बाहेर काढली. पातळ, स्वस्त कॉम्प्युटरसाठी. थंड राहणारी, आवाज न करणारी. सगळ्यात वरच्या मजल्यावर आता आम्हाला राहायचं नाही, ते म्हणाले. खालचे मजले मोठे आहेत आणि तिथे माणसं जास्त राहतात. मोठ्या चिपचा त्यांनी उल्लेखही केला नाही. ती नव्हतीच.

ऑफिसात टाळ्यांचा पाऊस पडला. फटाका खुर्चीवर चढला. "वरची ओळ आपली," तो ओरडत होता. "खाली दुसरं कोणी नाहीच." ताईने एकदाही टाळी वाजवली नाही. शर्यतीत दुसरा कोणी नव्हताच, आणि ती ऊर फुटेपर्यंत पळाली होती.

भ्रमाचा भोपळा फुटायला फार दिवस लागले नाहीत. कार्डं घरोघरी पोचली, टेबलाखाली भिंतीला टेकली आणि गेम ऐन रंगात आला की पडदे काळे होऊ लागले. कोणीतरी कार्डावर कप ठेवून कॉफी गरम केली आणि त्याची चित्रफीत जगभर फिरली. नाकापेक्षा मोती जड झाला होता. थर्मामीटरने कोणाला न विचारता एक कार्ड कपाटात लावलं, दार बंद केलं आणि स्वतःसाठी चहा करायला गेली. चहाला उकळी यायच्या आत ते बंद पडलं होतं. ताई दारात उभी होती. थर्मामीटरने तिच्यासाठीही कपात चहा ओतला. भांडली असती तर सोपं गेलं असतं.

संचालकांनी एकच प्रश्न विचारला. "आधीचा आकडा चांगला होता. तुम्ही तो बदललात कशाच्या आधारावर?" ताईने समोरचा कागद सरळ केला. माझ्या भावाने दुसऱ्यांदा भात घेतला, हे उत्तर कुठल्याही भाषेत देता येण्यासारखं नव्हतं.

उपाय साधा होता. नवं सॉफ्टवेअर पाठवायचं, आकडा खाली आणायचा. पण तसं करणं म्हणजे आधीचा आकडा चुकीचा होता असं जगाला सांगणं. फटाका अडून बसला. "दोष लोकांच्या कॉम्प्युटरच्या डब्यांचा आहे," तो म्हणाला. "हवा खेळती ठेवा असं सांगू. तुम्ही तांत्रिक बाजूने तेवढं लिहून द्या, ताई. तुमच्या नावाने लोक मानतात." निर्णय सोमवारी व्हायचा होता, आणि शनिवारपासून तिचा फोन थांबला नव्हता.

रविवारी ती आईकडे गेली ती फोन हातात घेऊनच. दारात दोन मोठ्या बॅगा होत्या. आई नव्या खुर्चीत बसली होती.

"कोणाच्या गं बॅगा?"

"त्याच्या. लांबच्या गावी नोकरी लागलीय, उद्या निघतोय," आई म्हणाली. "तुला माहीत नाही?"

ताईने टोपलीत फोन टाकला आणि स्वयंपाकघरात गेली. धाकटा बशा काढत होता. उजेडात तिला आज पहिल्यांदा दिसलं, त्याचे गाल बसले होते.

"कधी सुटली तिथली नोकरी?"

"खुर्ची आणली ना, त्याच्या आदल्या आठवड्यात. मोठी चिप बंद केली, आमचा सगळा गटच काढून टाकला."

"आणि तू नळ दुरुस्त करत बसलास?"

"मग काय करू? वेळच वेळ होता. आईला एवढ्यात सांगायचं नव्हतं." त्याने बशा मांडल्या, एक जराशी सरळ केली. "तुमचं ऐकतोय सगळं. काय झालं गं? तू इतका वरचा आकडा देणारी नव्हेस. कपाटात चालवलं नव्हतंस का?"

"नाही."

"का?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. बाहेर टोपलीत फोन गुरगुरत होता. "तू निवांत दिसलास," ती म्हणाली. "भात दुसऱ्यांदा घेतलास. मला वाटलं, तुमची चिप जबरदस्त निघालीय."

धाकटा हसला. अगदी मोकळा हसला, आणि मग त्याचं हसू मध्येच थांबलं.

"ताई, मी ते पातेलं किती वेळ घासत होतो."

"पाहिलं मी."

"मला वाटलं, तू विचारशील. आई बाहेर होती. तू आलीस, कापड घेतलंस, म्हटलं आता ही विचारेल, काय झालं रे. तू झोपेचं विचारलंस." त्याचा आवाज चढला नव्हता. "माझ्याकडेच बघत होतीस जेवताना. सारखी. मला किती बरं वाटलं होतं."

ताईला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही. जेवणभर तिने त्याचं तोंड वाचलं होतं, नखं वाचली होती, टोपलीतला मुका फोनसुद्धा वाचला होता, आणि समोर बसलेला भाऊ तेवढा तिला दिसला नव्हता. लाज वाटली. आकड्याची वाटली नव्हती तेवढी या पातेल्याची वाटली.

आई दारात येऊन उभी होती. कधी आली, कोणाला कळलं नव्हतं. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मैदानावर कोणी पडलं की ती आधी असंच बघायची, कुठे लागलंय ते.

"आज ऑफिसचंच बोला," ती म्हणाली आणि आपल्या खुर्चीकडे परत गेली.

धाकट्याने पुन्हा एक बशी सरळ केली. इतक्या वर्षांची सवय, कुठून सुरुवात करायची ते सुचेना.

"कशी होती रे तुमची चिप?" ताईने शेवटी विचारलं.

"मोठी होती. देखणी होती. टेबलावर अशी पळायची की बघत राहावं." त्याने मनगटाने नाक पुसलं. "कपाटात घातली की बंद पडायची."

"तुमच्याकडे कपाट आहे?"

"तसंच एक मी नेऊन ठेवलं होतं. पहिल्याच वर्षी. तुलाच तेवढं सुचतं होय?" तो म्हणाला. "आमच्या साहेबांना मी तेच सांगितलं. या चिपचा आकडा खाली आणा, नाहीतर विकू नका. त्यांनी अंदाज बांधला, खाली आणला तर तुमच्याखालीच राहणार. मग विकायचीच नाही असं ठरलं, आणि आम्हीही नको असं ठरलं." ताईने त्याला आपला पहिला आकडा सांगितला. "त्याला आम्ही काही केल्या पोचलो नसतो, ताई. तो होता तसा ठेवला असतास तरी वरची ओळ तुमचीच होती."

ताईने ओट्याला हात टेकला. दोघांची युक्ती एकच होती, कपाटाची. त्याने ते उघडलं आणि जे दिसलं ते सांगून नोकरी घालवली. तिने दार उघडलंच नाही आणि तिची खुर्ची अजून शाबूत होती.

फोन पुन्हा गुरगुरला. ती बाहेर गेली, टोपलीतून तो उचलला. फटाकाच होता.

"ताई, ते लिहून देताय ना? डब्यांचं?"

"नाही. आकडा खाली येतोय, आधी होता तिथे."

"म्हणजे आपण चुकलो असं सांगायचं?"

"आपण नाही. मी चुकले. कपाटात न बघता सही केली, असंच उद्या सांगणार आहे."

"लोक तुम्हाला खातील."

"खाऊ देत," ताई म्हणाली आणि फोन परत टोपलीत टाकला. सोमवारनंतर आपली खुर्ची राहील की नाही हे तिला माहीत नव्हतं.

ती स्वयंपाकघरात परत आली. जेवण अजून व्हायचं होतं, घासायला काही नव्हतं, तरी तिने कापड हातात घेतलं आणि धाकट्याच्या शेजारी उभी राहिली.

"काय झालं रे?" तिने विचारलं. "पहिल्यापासून सांग."